अनुभव धागा : वाळपई, केरी, नगरगावकडच्या रानवाटा (सत्तरी तालुका, गोवा)

ओली_वाट

काल म्हापशाच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळांच्या चौकटीचे, सामान यायला लागलेले दिसले. कवंडळं, कांगलां, घागऱ्यो, आंबाड्यांचे घोस असे सगळे गोणपाटावर मांडून एक बाई बसल्या होत्या. कुठचे म्हणून विचारले तर म्हणाल्या, "सत्तरीचें." तेव्हापासून डोक्यात आजोळच आहे.

माझे आजोळ वाळपईला. आजोबा चवथीच्या आधी आम्हा नातवंडांना घेऊन नगरगावच्या बाजूला रानात जायचे. बाजारातून माटोळी विकत आणणे त्यांना पटतच नसे. अंधार असतानाच निघायचे, हातात कोयती, खांद्यावर आकडी. माटोळी बांधायचे दोरसुद्धा रानातूनच. केवणीची सरळ काठी बघून बुंध्याशी कोयतीची एक आडवी खूण करायची, साल नखाने सोडवायची आणि वरच्या दिशेने खेचत न्यायची. मधे तुटली नाही तर पुरुषभर लांब पट्टी हातात येते. मग एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून पीळ द्यायचा. तो ओल्या सालीचा चिकटपणा दिवसभर हाताला राहायचा. कवंडळाच्या वेलीवरची सगळी फळे कधी काढू दिली नाहीत. वरची खारीला, माकडांना, आणि "फुडल्या वर्साक".

त्यांच्याबरोबर चालताना आपण ट्रेकला आलोय असे कधी वाटले नाही. प्रत्येक वाट कुठे तरी जायची. ही देवळाला, ही कुळागराला (सुपारीच्या बागेला), ही पलीकडच्या गावात आत्याकडे. आता त्याच वाटांचे व्हिडिओ बघते, त्यात गावाचे नावसुद्धा नसते, नुसते 'हिडन वॉटरफॉल'. वाईट वाटते.

म्हणून हा धागा. वाळपई, केरी, ठाणे (आपले सत्तरीतले, मुंबईकडचे नव्हे), नगरगाव, चोर्ला, म्हादई नदीच्या काठाकाठाने, कुठलीही वाट चालेल. शिखर सर केलेच पाहिजे असे नाही. शाळेला चालत गेला असाल तरी लिहा.

केरीतला

वा ताई, बरा विषय काढलात.

वाघेरी, आमची डोंगरी. घराच्या मागच्या दारातून दिसते. पावसात चार चार दिवस ढगातच असते, मग एका सकाळी अचानक सगळी समोर, धुतलेली. लहानपणी वर जायचो ते काका लोकांबरोबर. खालचा टप्पा काजूच्या बागांतून. तो संपला की खरे रान सुरू होते आणि उजेड एकदम कमी होतो. तिथे काका सगळ्यांना गप्प करायचे. कारण गवे. गोव्याचा राज्यप्राणी म्हणून शाळेत चित्र काढले असेल सगळ्यांनी, पण वळणावर तो समोर उभा राहून नाकाने फुसकारतो तेव्हा कळते केवढा असतो ते. पळायचे नाही, ओरडायचे नाही, मोठ्या झाडाआड सरकून त्याला वाट द्यायची. तो आपणहून जातो.

माट्टीची झाडे वाटेत पुष्कळ. घाटावर ऐन म्हणतात तीच. साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन पडलेली. उन्हाळ्यात एखाद्या खोडाला फुगवटा दिसतो, त्यात पाणी असते. काकांनी एकदा कोयतीच्या टोकाने भोक पाडून दाखवले होते, धार लागली. चव तुरट. नंतर त्यांनी भोकात लाकडाची खुंटी मारली.

वरून अंजुणे धरणाचे पाणी दिसते आणि पलीकडे चोर्ल्याचा घाट. थांबतो, गिऱ्हाईक आले.

जांभळी_सांज

केवणीचे दोर!!! आमचे बाबा पण असेच करायचे. आता नायलॉनची सुतळी 😔

सिस्टर_वाळपई

ड्युटीवरून आले, वाचले, लगेच लिहितेय. अनुभव वेगळा आहे पण याच वाटांचा.

२०१५ साली पाळी गावात माकडताप आला. काजूचे दिवस. माणसे पहाटेच बागेत जातात, वाळलेल्या पाल्यात बसून बोंडू गोळा करतात, आणि गोचीड त्या पाल्यातच असते. माकडे मरून पडायला लागली की समजायचे. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, त्याचेच नाव त्याला आहे. आमच्याकडे पाळीनंतर म्हाऊस, सावर्डे अशा आजूबाजूच्या गावांत पण रुग्ण निघाले. माणसे गेली. मी घरोघरी फिरणाऱ्या पथकात होते. ज्या पायवाटांनी लहानपणी जांभळे खायला गेले त्याच वाटांनी लसीची पेटी घेऊन चालत होते. एका घरात म्हातारा तापाने पडलेला, आणि त्याची सून विचारते, "काजी कोण काडटलो?" तिला दोष काय देणार? वर्षाचे पैसे त्या दोन-तीन महिन्यांत होतात.

तर रानात जाणाऱ्यांनो, पावसात जळवांची भीती घालतात, पण जळू रक्त पिते आणि सुटते. खरी काळजी कोरड्या दिवसांत, जानेवारी ते मे. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आमच्याकडे गोचीड लांब ठेवणारे डीएमपी तेल देतात ते अंगाला. पाल्यावर बसू नका, लोळू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे धुवा. काखेत, मांड्यांच्या सांध्यात, कानामागे नीट बघा. मेलेले माकड दिसले तर हात लावायचा नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्रात कळवायचे. ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा.

लांबले. पण हे लिहिल्याशिवाय राहवेना.

ओली_वाट

सिस्टर, बरे केलेत लिहिलेत. त्या दिवसांत मामी रोज फोनवर हेच सांगायची. तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

रोयण

आळम्यांबद्दल, पावसातल्या रानअळंब्यांबद्दल, कोणीच कसे लिहीत नाही?

आई जुलैत पहाटे बॅटरी घेऊन जायची. कुठल्या रोयणीवर (वाळवीच्या वारुळावर) येतात ते तिला ठाऊक, आणि ती जागा सख्ख्या जावेला पण सांगायची नाही. तिच्या मागे मागे जायचो. मातीतून छोटी छोटी टोके वर आलेली, वर छत्री अजून न उघडलेली. हाताने मुळासकट उपटायची नाही, खालची माती हलवायची नाही. रोयण मोडली की वाळवी गेली, वाळवी गेली की आळमी पण गेली. कुडाच्या पानात बांधून आणायची.

दोतोर_गल्ली

बाजारात भाव विचारलात का यंदा 😮 सोने परवडले

रोयण

@दोतोर_गल्ली म्हणून तर सगळे कोवळ्या कळ्याच खणून आणतात आता. उघडून बी पडायला नको का? आई असती तर भांडली असती बाजारात जाऊन.

जांभळी_सांज

तोणाक (रस्सा) कसे करायची आई? खोबरे भाजून की कच्चे?

रोयण

भाजून. आणि दोन तिरफळे. गरम मसाला अजिबात नाही, आळम्यांचा वासच मरतो. सविस्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पाण्याखालचा_गाव

हा धागा सकाळपासून उघडून बंद करतेय. लिहू की नको.

माझ्या आईचे गाव अंजुणे. धरणाखाली गेले. मी लहान होते, घर आठवते ते तुकड्यातुकड्यांत. पण वाट पूर्ण आठवते. केरीहून आई पुढे, डोक्यावर बोचके, मी आणि भाऊ मागे. आधी शेते, मग व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळावर सांकव, सुपारीची दोन खोडे शेजारी शेजारी टाकलेली, पावसात शेवाळ धरायची म्हणून वरून राख टाकायचे. पलीकडे फणसाखाली एक सपाट दगड, तिथे आई हमखास बसायची आणि पदराने तोंड पुसायची. तिथून माहेर दिसायचे ना! त्या दगडावर बसली की तिचा आवाजच बदलायचा, एकदम माहेरची भाषा.

आता मे महिन्यात पाणी खाली गेले की कडेची थोडी जमीन उघडी पडते. मामा एकदा घेऊन गेला होता. भेगाळलेली माती, झाडांचे बुंधे, मधेच कुणाच्या तरी जोत्याचे चिरे. मामा हाताने दाखवत होता, हे अमक्याचे, इथे विहीर, इथून वाट. मला फक्त चिखल दिसत होता, त्याला सगळे गाव दिसत होते.

लोक घाटातून गाडी थांबवून त्या पाण्याचे फोटो काढतात. सुंदर आहेच, खोटे कशाला बोलू. धरणाच्या पाण्यावर खालच्या गावांची शेती पिकते, तेही बरेच झाले. पण फोटो काढताना एवढे ठाऊक असावे की खाली माणसे राहत होती.

केरीतला

ताई, आमच्या वर्गात होती अंजुण्याची मुले. तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. नाव विचारत नाही इथे, व्यनि करतो, ओळख निघेलच.

माडाचीवाडी

डोळ्यांत पाणी आले. आईला सांभाळा.

पाण्याखालचा_गाव

आई गेली हो. मामा आहे, ठणठणीत आहे. केरीतला भाऊ, व्यनि बघितला, तुम्ही आमच्या मावशीच्या शेजारचे निघालात की!!

कोथरूडचा_भाचा

मस्त धागा. मी आईकडून गोंयकार. डिसेंबरात येतोय, मुले बरोबर. सुर्ल्याचे ते जुने काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ वाळपईहून चालत करता येईल का?

केरीतला

भाचेबाब, तुम्ही दोन सुर्ले एक करताय. देऊळ आहे ते तांबडी सुर्ला, कदंबांच्या काळातले. ते तिकडे मोलेच्या बाजूला, भगवान महावीर अभयारण्याला लागून. आमच्या सत्तरीतले सुर्ला चोर्ला घाटाच्या माथ्यावर, थंडगार पठार. दोन्ही बघा, पण एका दिवसात नको. गाडीने जा, मुलांचे पाय वाचवा.

कोथरूडचा_भाचा

आभारी आहे 🙏 आई म्हणते ब्रह्मकरमळीला पण जाच.

नाणूसकर_बाय

जाच. ब्रह्मदेवाचे देऊळ भारतात किती थोड्या ठिकाणी आहे. मूर्ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. पोर्तुगीज देवळे मोडायला लागले तेव्हा भक्तांनी ती इथे रानात आणली. विचार करा, एवढी दगडी मूर्ती तेव्हाच्या वाटांनी, नद्या ओलांडून.

आणि वाळपईला उतरलात तर नाणूसला पण पाय लावा. दिपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसचा किल्ला घेऊन बंड सुरू केले, पुढे साडेतीन वर्षे पोर्तुगिजांना रानात फिरवले. याच डोंगरवाटा माहीत होत्या म्हणून. आता किल्ल्याचे फार काही उरलेले नाही, तरी जावे. आमच्या शाळेची प्रभातफेरी तिथूनच जायची, गुडघाभर गवतातून, आणि गुरुजी थांबवून थांबवून गोष्ट सांगायचे. भाषण नव्हे, गोष्ट.

फाटकी_छत्री

पाळीचा धबधबा. शिवलिंग म्हणतात तोच. आम्ही कॉलेजचे मित्र, बरोबर पाळीचाच एक वर्गमित्र. वाट म्हणजे वाट नाहीच, ओहोळच. या काठावरून त्या काठावर, परत या काठावर, मोठमोठ्या दगडांवरून. मधेच कस्तूर शीळ घालतो, अगदी माणूस गाणे विसरून परत सुरुवात करतो तशी. वर पोचलो, पाणी अंगावर घेतले, डबे उघडले. आणि हा वर्गमित्र एकदम उठला. "चला." अरे जेवतोय! "चला म्हटले ना." आमच्यावर ऊन होते, आभाळाचा तुकडा निळा. त्याने पाण्याकडे बोट दाखवले. मघाशी काचेसारखे तळ दिसणारे पाणी चहाच्या रंगाचे होत होते आणि त्यात सुकी पाने, काटक्या येत होत्या. वर डोंगरात पाऊस लागला होता. डबे तसेच झाकून निघालो. शेवटचा ओहोळ ओलांडला तेव्हा पाणी मांडीपर्यंत होते, एकमेकांचे मनगट धरून (हात नव्हे, मनगट, तेही त्यानेच सांगितले). पलीकडे येऊन मागे बघितले तर ज्या दगडांवर पाय ठेवून आलो ते दिसत नव्हते.

२०२४ च्या जुलैत याच ठिकाणी कितीतरी पर्यटक असेच पलीकडे अडकले आणि त्यांना दोर लावून काढावे लागले. बातमी वाचली तेव्हा त्या वर्गमित्राला फोन केला. तो म्हणाला, पाण्यात पाला दिसला की उठायचे, एवढेच तर आहे.

माडाचीवाडी

माझा मुलगा पण जातो असाच मित्रांबरोबर. त्याला हे वाचायला लावले आत्ता. निमूटपणे वाचले, हे विशेष.

सिस्टर_वाळपई

@फाटकी_छत्री तुमच्या मित्राला पेढे द्या.

दोतोर_गल्ली

बंदी पण असते हो. २०२३ च्या जुलैत अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला वनखात्याने मनाई केली होती. जाण्याआधी वाळपईला चौकशी करा, उगाच नाक्यावरून परत.

बांबरची_सून

स्वयंपाकघर उरकून बसले. आमच्या बांबरच्या निरंकाराच्या रायीबद्दल, देवराईबद्दल, लिहायलाच हवे.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा नेले. चपला बाहेर. आत गेले की पायाखाली चिखल, पाणी झुळझुळतेय, आणि चिखलातून मुळ्या वर आलेल्या. वाकवलेल्या गुडघ्यांची रांगच्या रांग. रानजायफळाची झाडे ती. मुळांना पाण्यात श्वास मिळत नाही म्हणून अशी वर काढतात, हे मला नंतर एका विद्यार्थिनीने सांगितले, अभ्यासाला आली होती, आमच्याकडेच जेवायची. सासूबाईंना ते शास्त्र ठाऊक नव्हते, पण एक काटकी उचलू द्यायच्या नाहीत. सरपण कितीही कमी असो. आमच्या बागेला उन्हाळ्यात पाणी राहते ते या रायीमुळे, हे मात्र त्या ठामपणे सांगायच्या.

तिथे पांढरी मोठी फुलपाखरे दिसतात, काळ्या ठिपक्यांची, सावकाश तरंगत जाणारी. मलबार ट्री निम्फ, गोव्याचे राज्य फुलपाखरू केले ते. माझी मुलगी त्याला देवाचा रुमाल म्हणायची.

येणाऱ्यांना हात जोडून विनंती. गावात कुणालातरी हाक मारा, एकटे आत घुसू नका. मोठ्याने गाणी नको. चिप्सची पाकिटे परत न्या. गेल्या पावसात मी स्वतः वेचली आहेत, त्या मुळ्यांमध्ये अडकलेली.

ओली_वाट

बांबरची सून, आजोबा तिथे पोचले की टोपी काढायचे. तुम्ही लिहिलेत आणि मला त्यांचा टकला दिसला एकदम.

नाणूसकर_बाय

जळवांवर उपाय लिहा कोणीतरी. चुना की तंबाखू?

केरीतला

तंबाखूचे पाणी मोज्यांना. मीठ पण चालते. ओढून काढू नका, जखम चिघळते.

सिस्टर_वाळपई

नखाने बाजूने सरकवा, साबणाने धुवा, दाबून धरा. थोडे रक्त वाहील, घाबरू नका.

डोंगुर्लीचा

वाघाचे लिहू का? वाद नको, आधीच सांगतो.

आमच्या घरात गुरे होती. रानात सोडायची, संध्याकाळी घंटेच्या आवाजावरून आणायची, ते माझे काम. ठाण्याहून चरावणे, हिवरे या बाजूच्या सगळ्या वाटा मी गुरांच्या मागे शिकलो. एकदा ओल्या मातीत पंजा बघितला. बाबा खाली बसले, हात शेजारी ठेवून माप बघितले, काही न बोलता गुरे वळवली. त्या रात्री गोठ्यापाशी शेकोटी. पण "मारूया" असा शब्द बाबांनी काढला नाही. आमच्याकडे वाघाला देव मानतात.

२०२० च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले तेव्हा बाबा दोन घास जेवले नाहीत. दुसरी बाजू पण मला ठाऊक आहे. ज्याची दुभती गाय जाते त्याचे घर बसते, आणि भरपाईचा कागद फिरत राहतो. १९९९ ला म्हादई अभयारण्य झाले, २०८ चौरस किलोमीटर. २०२३ ला उच्च न्यायालयाने व्याघ्र क्षेत्र जाहीर करा म्हणून सांगितले. आमच्या गावात यावर घराघरात दोन मते. माझे मत, वाघ हवा. वाघ आहे म्हणून रान आहे, रान आहे म्हणून म्हादईला पाणी आहे. पण गुरेवाल्याची भरपाई महिन्याच्या आत हातात पडली पाहिजे.

पाण्याखालचा_गाव

नीट लिहिलेत दादा. पटले.

बांबरची_सून

आमच्याकडे पण दोन मते. मी तुमच्या बाजूची.

कोथरूडचा_भाचा

परत मीच. बसने वाळपईला कसे यायचे? आणि ठाण्याला पुढे बस असते का? मुले म्हणतात गाडी नको.

दोतोर_गल्ली

पणजीहून साखळी-होंडा करत कदंबा (सरकारी बस) येतात, खासगी पण आहेत. फोंड्याकडून उसगाव मार्गे पण येता येते. पुढे ठाण्याला जाणाऱ्या कमी, परतीची आधी विचारून ठेवा, संध्याकाळी उशिरा काही मिळत नाही. स्टँडवर उतरल्यावर भाजी-पाव खा, मुलांना आवडेल.

डोंगुर्लीचा

डिसेंबरात मी घरी असतो. व्यनि करा भाचेबाब, ठाण्याच्या तिठ्यावर घ्यायला येतो. मुलांसाठी टोप्या आणा, थंडी असते.